तात्यांच्या कादंबरीची चतुःसीमा

तात्यांची कादंबरी तयार आहे. ती कुठं घडते, एवढंच ठरायचं राहिलंय.

हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तात्या नोकरीत होते. भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक. पुढं ते निवृत्त झाले. शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ देऊन झाल्यावर साहेबांनी माइकवरून सांगितलं, की आता तात्या कादंबरी हातावेगळी करतील. टाळ्या पडल्या. तात्यांनी सभेला नमस्कार केला आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, ‘‘सर, जागेचं तेवढं बघायला पाहिजे.’’ ते अजून बघतायत.

लिहिणार असलेला माणूस तालुक्यागणिक एक तरी सापडतोच. लिहिणारे थोडे, लिहून झालेले त्याहून थोडे; पण लिहिणार असलेल्यांना तोटा नाही. कुणाचं पहिल्या ओळीवर अडलेलं असतं, कुणाला घरात शांत खोली मिळत नसते, कुणी वर्षानुवर्षं टोपणनाव शोधत असतो. साहित्य संमेलनात ही मंडळी तिसऱ्या-चौथ्या रांगेत कडेला बसतात, परिसंवाद संपला की वक्त्याला गाठतात आणि ‘सध्या एका मोठ्या कामात आहे’ असं सांगतात. तात्या याच जमातीतले, पण त्यांची अडचण न्यारी. त्यांना खोली आहे, टोपणनाव नको आहे, पहिली ओळसुद्धा तयार आहे. ‘सकाळची वेळ होती आणि’ इथवर ती आलीय. पुढं गावाचं नाव पडलं की गाडी सुटणार.

तात्या उंच, काटक, उन्हानं रापलेले. शर्टाच्या खिशाला पेन नाही. टोपण घातलेली शिसपेन्सिल. पँटच्या खिशात पाच मीटरचा टेप. चालताना त्यांचे ओठ हलतात. लोकांना वाटतं नामस्मरण चाललंय. तात्या पावलं मोजत असतात. लग्नाला गेले की वधूवरांआधी त्यांना कार्यालय दिसतं आणि पंगतीत शेजारच्या अनोळखी माणसाला ते सांगतात, ‘‘अकरा गुंठे. भाडं बाराचं लावत असतील.’’ साताऱ्यात राजपथावरून त्यांच्याबरोबर हिंडणं जोखमीचं. कुठल्या दुकानाची पायरी किती इंच रस्त्यात आलीय हे त्यांना तोंडपाठ आहे, आणि हळू बोलायची त्यांना सवय नाही.

कादंबरीविषयी त्यांचं म्हणणं एकदम पक्कं. ‘‘सर, गोष्ट म्हणजे काय? अमका माणूस तमक्या ठिकाणी काहीतरी करतो. आता माणूस हलतो. ठिकाण हलतं का? नाही. मग आधी काय कायम करायचं? जे हलत नाही ते.’’

‘‘पण तात्या, गोष्ट काय आहे?’’

‘‘ती ठिकाणावर अवलंबून आहे.’’

यावर बोलायला जागा उरत नाही.

तात्यांकडं लाल कापडी बांधणीची एक लांबट वही आहे. वर सुवाच्य अक्षरात लिहिलंय : ‘मराठी कादंबरी, अधिकार अभिलेख’. नोकरीभर त्यांनी गाव नमुना सात आणि बारा हाताळले. सातात जमीन कुणाची, बारात पीक काय. तोच हिशेब त्यांनी मराठी वाङ्मयाला लावला. कुठला मुलूख कुठल्या कादंबरीकाराच्या नावावर लागलाय ते रकान्यांत मांडलं. मोकळं काय राहिलंय ते बघायचं आणि तिथं आपलं नाव लावायचं, असा सरळ बेत.

वही उघडली की अशा नोंदी लागतात. माणदेश : कब्जेदार व्यंकटेश माडगूळकर; आधार ‘बनगरवाडी’, १९५५; इतर हक्कात अमोल पालेकर, चित्रपटाचा बोजा, १९९५. वऱ्हाड : उद्धव शेळके, ‘धग’, १९६०. मराठवाडा : रा. रं. बोराडे, ‘पाचोळा’, १९७१. मुंबईची झोपडपट्टी : जयवंत दळवी, ‘चक्र’, १९६३. मंत्रालय आणि लगतचा परिसर : अरुण साधू, ‘सिंहासन’, १९७७. राजमाची : गो. नी. दांडेकर, ‘माचीवरला बुधा’. कर्नाळ्याकडचं ठाकरांचं रान : पुन्हा दांडेकर, ‘जैत रे जैत’, इतर हक्कात जब्बार पटेल, १९७७. कोकणात ‘पडघवली’, मावळात ‘पवनाकाठचा धोंडी’, विदर्भात ‘पूर्णामायची लेकरं’, सगळीकडं दांडेकरच. शेऱ्याच्या रकान्यात तात्यांनी शेवटी लाल शाईनं लिहून टाकलंय : ‘सदर इसमाची धारणा कमाल मर्यादेच्या वर दिसते.’

‘‘जमीन गेली म्हणता,’’ मी एकदा सुचवलं, ‘‘मग समुद्रावर घडवा.’’

तात्यांनी दोन पानं उलटून वही माझ्याकडं फिरवली. ‘‘विश्राम बेडेकर. ‘रणांगण’. अख्खी कादंबरी युरोपातून निघालेल्या बोटीवर. समुद्र १९३९ सालीच गेला, सर.’’

तुरुंगाचं विचारलं तर तिथं अनिल बर्व्यांचा ‘थँक यू मिस्टर ग्लाड’ बसलेला. धरणाखाली जाणाऱ्या गावांवर ‘झाडाझडती’मुळं विश्वास पाटलांचं नाव, शिवाय ‘पानिपत’ लिहून ते हरयाणातसुद्धा खातेदार झालेले.

कोकणाचं पान तर गिचमिडलेलं. पेंडसे आहेत, दांडेकर आहेत, खानोलकर आहेत, दळवी आहेत. मी म्हटलं, ‘‘बघा, एकाच मुलखावर इतक्यांनी लिहिलं. कुणाचं कुणावाचून अडलं नाही. तुम्हीही शिरा.’’ तात्यांनी जीभ चावली. ‘‘सामाईक खातं आहे ते. सामाईक खात्यात शहाण्यानं शिरू नये. मी जन्मभर तेच निस्तरलंय.’’

मग मी पेंडशांचा दाखला काढला. श्री. ना. पेंडशांचा ‘गारंबीचा बापू’ १९५२ चा, ‘रथचक्र’ १९६२ चं, दोन खंडांचे ‘तुंबाडचे खोत’ १९८७ चे. दापोली-खेडचा मुलूख त्यांनी असा उभा केला, की वाचक बापूचं घर शोधत हिंडावा. आणि स्वतः पेंडसे नोकरीला कुठं? मुंबईत, बेस्टमध्ये. बापू गारंबीत, लेखक बसच्या कचेरीत. माझं म्हणणं इतकंच होतं, की गावात जाऊन बसायलाच पाहिजे असं नाही.

तात्यांच्या कपाळावर आठी पडली. ‘‘गैरहजर मालक. कुळकायद्यात जायला पाहिजे होती जमीन. १ एप्रिल १९५७ ला जो कसत होता त्याची.’’

‘‘मग कसत कोण होतं, तात्या?’’

तात्या विचारात पडले. ‘‘पेंडसेच,’’ असं त्यांनी नाइलाजानं कबूल केलं.

‘‘मग झालं की! कसेल त्याची जमीन. तुम्ही नांगर कधी घालताय?’’

‘‘हद्द कायम झाल्याशिवाय नांगर घातला तर फौजदारी होते,’’ तात्या म्हणाले आणि त्यांनी वही मिटली.

‘कोसला’चं निघालं तेव्हाही असंच झालं. नेमाड्यांनी ती १९६३ साली पंधरवड्याच्या आसपास लिहून काढली, असं सांगतात. हे ऐकून तात्यांच्या हातातला कप बशीत आला. तात्यांच्या वेळी मोजणी तीन तऱ्हेची असे : साधी, तातडीची आणि अतितातडीची. शुल्क जास्त भरलं की नंबर लवकर लागायचा. ‘‘पंधरवड्यात खानदेशापासून पुण्यापर्यंत?’’ ते पुटपुटले. ‘‘अतितातडीची दिसते.’’ आवाजात कौतुक होतं, पण थोडा संशयही होता. घाईच्या मोजणीत खुणा चुकतात, हा त्यांचा अनुभव.

पासष्टी ओलांडल्यावर तात्यांना एसटीचं अर्धं तिकीट लागू झालं आणि कादंबरीचा पट एकदम विस्तारला. सवलत राज्यभर होती, त्यामुळं कादंबरीही राज्यभर कुठंही घडू शकत होती. पिशवीत दशम्या, पाण्याची बाटली, टेप आणि लाल वही घेऊन तात्या पहाटे स्टँडवर हजर. मुलगी बघायला आलेल्या मामाच्या रुबाबात ते गावात शिरत. ओट्यावर बसत, चहा घेत, घराचं तोंड कुठं, पाणी किती लांब, वर्दळ कशी, सगळं विचारून घेत आणि निघताना ‘कळवतो’ म्हणत. कळवत मात्र कुणालाच नसत.

राजापूर तालुक्यातल्या सड्यावरची कातळशिल्पं त्यांच्या मनात भरली होती. कुणी, कधी, कशासाठी जांभ्यावर ती कोरली कुणास ठाऊक. तात्यांच्या वहीत त्यांच्यावर कुणाचं नाव नव्हतं. तात्या हरखले. सड्यावर पोचले आणि खिशातला टेप काढून एका कोरीव हत्तीची लांबी घेऊ लागले. पण तो सगळा टापू रिफायनरीच्या वादानं पेटलेला. पांढरा शर्ट, हातात टेप, बगलेत सरकारी दिसणारी लाल वही, असा माणूस दुपारच्या उन्हात सडा मोजतोय ही बातमी खाली वाडीत पोचायला वेळ लागला नाही. अर्ध्या तासात बायाबापड्या जमल्या.

‘‘कंपनीचे काय तुम्ही?’’

‘‘नाही हो. मी कादंबरी लिहितोय.’’

‘‘मग मोजताय कशाला?’’

या प्रश्नाला तात्यांकडं उत्तर नव्हतं. खरं म्हणजे मराठी समीक्षेतसुद्धा इतका नेमका प्रश्न त्यांना कुणी विचारला नसता. एका आजीनं त्यांना पाणी दिलं, सावलीत बसवलं आणि स्टँडची वाट दाखवली. घरी आल्यावर तात्यांनी वहीत नोंद केली : ‘राजापूर सडा. जागा उत्तम. वादग्रस्त. रद्द.’

त्यानंतर उजनी. भीमेवरच्या उजनी धरणात पळसदेवचं जुनं गाव बुडालं. तात्यांचा हिशेब असा, की पाण्याखालच्या गावाइतकी सुरक्षित जागा नाही. आपण लिहू ते खरं. कोण बुडी मारून तपासणार? पण धरणाचं पाणी फार उतरलं की पळसनाथाचं पुराणं मंदिर उघडं पडतं. तात्या तिथं गेले ते नेमके अशाच कोरड्या वर्षी. चिखल वाळून भेगाळला होता, मंदिराभोवती हौशी लोक फोटो काढत होते, एक पोरगा ड्रोन उडवत होता. कादंबरीचा गुप्त पत्ता असा शिखरासकट वर आलेला बघून तात्यांचं अवसान गेलं. तेवढ्यात काठीच्या आधारानं दोन म्हातारे तिथं आले. एकानं चिखलात काठी रोवून सांगितलं, ‘‘हितं आमचा वाडा होता.’’ दुसरा म्हणाला, ‘‘हितं आमचा गोठा. तुमचा वाडा पल्याड.’’ बघता बघता आवाज चढले. पाण्याखाली इतकी वर्षं गेलेल्या भिंतीवरून दोघं हमरीतुमरीवर आले. एकानं दुसऱ्याच्या मेलेल्या आज्याला चोर ठरवलं, दुसऱ्यानं त्याच्या आत्तेच्या लग्नातला मानपान काढला. तात्या सवयीनं टेप काढणार होते, पण त्यांनी मोह आवरला. वहीत नोंद : ‘पळसदेव. वाद पाण्याखालीही शिल्लक. रद्द.’

गिरगावातल्या एका चाळीचंही तसंच. गॅलरी, सामाईक नळ, गणपती, सगळं जुळून आलं होतं. पण चाळ पुनर्विकासाला निघालेली. भाडेकरूंचे दोन गट, दोन बिल्डर, आणि दोन्ही गटांच्या सत्यनारायणाला पुरोहित एकच. तिसऱ्या मजल्यावरची सून एका गटात आणि सासू दुसऱ्या. ‘‘कोर्टात आहे हो ते प्रकरण,’’ तात्या मला म्हणाले. ‘‘उद्या निकाल लागला तर माझ्या नायकाला ट्रान्झिट कॅम्पात हलवायचं का?’’ रद्द.

शनिशिंगणापूर मात्र त्यांनी स्वतःहून सोडलं. तिथं घरांना दारं-कुलपं न लावायची परंपरा. रहस्यकथेला असं गाव कुणी वापरलं नाही, म्हणून तात्या खूष होते. पण बंद खोलीत खून करायचा तर आधी खोली बंद व्हायला हवी, हे त्यांच्या ध्यानात आलं. भिलार तर साताऱ्याहून जवळ. २०१७ पासून पुस्तकांचं गाव म्हणून नावारूपाला आलेलं. तिथं तात्या ज्या घरी टेकत तिथला माणूस हातात कादंबरी देई. संध्याकाळी ते स्ट्रॉबेरी घेऊन परतले आणि म्हणाले, ‘‘तिथं आधीच फार दाटी आहे.’’

त्यांची ही फरफट बघून मी त्यांना परदेशी लेखकांचे दाखले दिले. ब्रॅम स्टोकर ट्रान्सिल्व्हानियाला कधी गेलाच नाही, तरी १८९७ साली आलेला त्याचा ‘ड्रॅक्युला’ अजून लोकांची झोप उडवतोय. एच. आर. एफ. कीटिंग नावाच्या इंग्रज लेखकानं मुंबई पोलिसांतला इन्स्पेक्टर घोटे रचला. पहिली कादंबरी १९६४ सालची, आणि पुढची जवळजवळ दहा वर्षं तो मुंबईत पाऊल न टाकता घोट्याला मुंबईत फिरवत होता. तात्यांनी आता खुर्चीत बसावं आणि लिहायला लागावं, एवढाच माझा हेतू.

तात्यांचे डोळे चमकले. ‘‘न बघता चालतं? मग मी महाराष्ट्रातच का अडकून पडलोय?’’

झालं. तात्या मोबाइलवरच्या नकाशात शिरले ते नॉर्वेत निघाले. ट्रोम्सो नावाच्या गावातली गल्ली न् गल्ली त्यांनी बोटानं पालथी घातली. बर्फ, बंदर, लाकडी घरं. आणि कुठल्याही मराठी माणसाचं सातबाऱ्यावर नाव नाही. नायक मध्यरात्री काळोखात एका घरात शिरतो, इथपर्यंत बेत आला. तात्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, मेथी निवडत ऐकत होत्या.

‘‘महिना कुठला म्हणालात?’’

‘‘जून.’’

‘‘तिथं जूनमध्ये सूर्य मावळत नाही म्हणे. टीव्हीवर दाखवलं होतं. मग काळोख कुठनं आणणार?’’

नॉर्वे रद्द झालं.

शेवटी मी त्यांना काल्पनिक गावाकडं वळवलं. आर. के. नारायण यांनी ‘स्वामी अँड फ्रेंड्स’मध्ये मालगुडी उभं केलं, १९३५ साली. वही घेऊन पहिली ओळ लिहायला बसले तेव्हा त्यांना आधी मालगुडीचं लहानसं रेल्वे स्टेशन दिसलं. गाव मागाहून आलं. यातून तात्यांनी ‘आधी लिहायला बसा’ हा बोध घ्यावा, अशी माझी अपेक्षा. तात्यांनी घेतला तो असा : ‘‘म्हणजे आधी रेल्वेचं भूसंपादन झालं.’’

मग मी फॉकनर काढला. विलियम फॉकनरनं अमेरिकेतल्या मिसिसिपीत स्वतःचा एक काल्पनिक परगणा वसवला आणि १९३६ च्या ‘अब्सलम, अब्सलम!’ला त्याचा नकाशा जोडला. त्यावर क्षेत्रफळ दिलं, २,४०० चौरस मैल, लोकसंख्या दिली, आणि एकमेव मालक म्हणून स्वतःचं नाव घातलं.

तात्या उठून उभे राहिले. ‘‘एकमेव मालक? क्षेत्रासकट? सर, हा माणूस आमच्या खात्यातला!’’

त्या रात्रीपासून तात्यांचं गाव आकार घेऊ लागलं. पहिला घोळ नावाचा. महाराष्ट्रात चाळीस हजारांवर खेडी. सुचेल ते नाव कुठल्या ना कुठल्या तालुक्यात निघायचं. शेवटी वहिनी वैतागून म्हणाल्या, ‘‘आडवळण ठेवा.’’ तात्यांना ते पसंत पडलं. खात्याच्या शिस्तीनं त्यांनी त्याचं ‘आडवळण बुद्रुक’ केलं. मग बुद्रुक आहे म्हटल्यावर खुर्द असणारच, म्हणून ओढ्याच्या पलीकडं आडवळण खुर्दही वसवावं लागलं. कादंबरीत खुर्दचं काही काम नाही. पण शीव कुणाशी लागते ते दाखवल्याशिवाय नकाशा पुरा होत नाही.

तो नकाशा बघण्याजोगा आहे. जेवणाच्या टेबलावर तो पसरला की घरातले लोक ताटं घेऊन खाली बसतात. काळ्या शाईत शिवेची रेघ, तिच्यावर हद्दीच्या दगडांच्या खुणा. मधोमध गावठाण, त्यात चावडी, शाळा, मारुती. उत्तरेला गायरान, ओढ्याकाठी स्मशान, देवस्थानची इनाम जमीन फिकट पिवळ्या रंगात. विहिरी निळ्या, मिरीएवढ्या. पाणंद दुहेरी तुटक रेघेनं, आणि तिच्यावर बारीक अक्षरात ‘रुंदी ३.५ मी.’. नायकाचं शेत गट नंबर ११४, क्षेत्र १ हेक्टर १२ आर. बारा नंबरच्या रकान्यात पीक सोयाबीन, बांधावर तूर, थोडं आलं. हल्ली पीकपाहणी मोबाइलवरून शेतकऱ्यानं स्वतः करायची असते, म्हणून नायकाला स्मार्टफोन द्यावा की नाही यावर तात्या एक आठवडा अडले होते. २१२ खातेदारांची यादी वेगळ्या वहीत, वारसनोंदींसकट. एकही फेरफार प्रलंबित नाही.

मी नकाशावर बोटं फिरवत होतो. इतकं देखणं गाव मी बघितलं नव्हतं. वहिनी चष्मा पुसत पुढं आल्या, बराच वेळ वाकून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, ‘‘इथं भांडण कुठं आहे?’’

‘‘भांडण?’’

‘‘दोनशे बारा खातेदार आणि कुणाचं कुणाशी काही नाही?’’

‘‘कसं असेल?’’ तात्या अभिमानानं म्हणाले. ‘‘मी स्वतः मोजलंय.’’

वहिनींचं माहेर कोरेगाव तालुक्यातलं, शेतकऱ्याचं. त्या खुर्ची ओढून बसल्या आणि मेथीच्या जुडीकडं बघत सांगू लागल्या. आजोबांनी लावलेलं आंब्याचं झाड. वाटण्या झाल्या, बांध पडला, तो नेमका झाडाखालून. वडील म्हणायचे बुंधा आपल्या अंगाला. काका म्हणायचे सावली माझ्या ज्वारीवर पडते, नुकसान माझं, तर आंबा माझा. भावाभावांचं बोलणं तुटलं. दर उन्हाळ्यात पाड लागायच्या आत रात्री कुणीतरी झोडपून न्यायचं. कोण ते दोन्ही घरांना ठाऊक असायचं. वहिनी पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेल्या तेव्हा काकूनं परड्यातून, पदराखाली झाकून, पाटीभर आंबे आणून दिले. जेवताना वडिलांनी विचारलं, कुठले? आई म्हणाली, बाजारातले. वडिलांनी दोन खाल्ले, कोय ताटात ठेवली आणि म्हणाले, ‘‘आपल्या झाडासारखेच लागतात.’’ कुणी वर बघितलं नाही. पुढं काका गेले. वडील त्यांच्या दारात गेले नाहीत. ते दिवसभर बांधावर त्या झाडाखाली बसून राहिले आणि तिरडी पाणंदीनं पुढं गेल्यावर मागून चालत निघाले.

वहिनी थांबल्या. माझा चहा गार झाला होता.

‘‘तात्या,’’ मी म्हटलं, ‘‘राजापूर, उजनी, गिरगाव. वादग्रस्त म्हणून तुम्ही जेवढ्या जागा सोडल्या, तेवढ्या कादंबऱ्या सोडल्या. पेंडसे काय, माडगूळकर काय, ज्यांची नावं तुमच्या वहीत लागलीत त्यांनी मोकळी जमीन शोधलीच नाही. जिथं कुणाचं तरी कुणाशी अडलंय तिथं ते जाऊन बसले. निर्वेध जागेवर फक्त प्लॉट पडतात.’’

तात्यांचं माझ्याकडं लक्ष नव्हतं. ते वहिनींकडं बघत होते. संसाराला पस्तीस वर्षं होऊन गेली आणि सासऱ्याच्या बांधाची भानगड त्यांना आज कळत होती.

‘‘झाड कुठल्या गटात होतं?’’

‘‘बांधावर म्हटलं ना. मधोमध.’’

‘‘मधोमध असं काही नसतं. एका बाजूला असणारच. बुंध्याचा घेर किती होता?’’

‘‘मला नाही माहीत. माझ्या कवेत मावायचा नाही.’’

‘‘मोजणी कुणी मागवली नाही?’’

‘‘मोजली असती तर कुणाचं तरी झालं असतं की ते झाड,’’ वहिनी म्हणाल्या आणि मेथी घेऊन आत गेल्या.

तात्या त्यानंतर बरेच दिवस फिरकले नाहीत. मग एका सकाळी आले ते नकाशाची गुंडाळी बगलेत घेऊनच. आडवळण बुद्रुक माझ्या टेबलावर उलगडलं. गट ११४ आणि ११५ च्या मध्ये एक हिरवा ठिपका नव्यानं आला होता, आणि तिथल्या तिथं हद्दीची काळी रेघ खोडून तुटक केलेली होती. जन्मभरात तात्यांनी जाणूनबुजून अनिश्चित ठेवलेली ती पहिली हद्द असावी. खोडरबराच्या खुणेवरून कळत होतं, की ती रेघ पुन्हा पुन्हा काढली आणि पुसली गेली होती.

‘‘टेप धरला नाही तिथं,’’ ते पडेल आवाजात म्हणाले.

मग त्यांनी वही उघडली. लाल नव्हे, नवी. पहिल्या पानावर लिहिलं होतं : ‘सकाळची वेळ होती आणि आडवळण बुद्रुकमध्ये दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते.’ त्याखाली थोरल्याचं वर्णन, धाकट्याच्या बायकोचं एक वाक्य, आंब्याच्या मोहोराचा वास. दीड पान झालं होतं. चांगलं होतं. मी ते तसं सांगितलंही, आणि आनंदाच्या भरात विचारलं, ‘‘पुढं काय होतं?’’

‘‘पुढं थोरला भाऊ तालुक्याला जातो आणि मोजणीचा अर्ज करतो. चलन भरतो.’’

‘‘वा! मग?’’

‘‘मग तारखेची वाट बघतो.’’

‘‘मोजणी अतितातडीची ना?’’ मी धास्तावून विचारलं.

‘‘साधी,’’ तात्या म्हणाले आणि पेन्सिलीला टोपण घातलं. ‘‘गरीब माणूस आहे हो, अतितातडीचं शुल्क कुठनं भरणार? आता सहा महिने तरी नंबर लागत नाही. तोवर मी पुढचं कसं लिहिणार?’’